नाना आणि समुद्राची गाळणी

आमच्या शाळेतला शिपाई नाना चौधरींना घाबरायचा तो चहाच्या गाळणीमुळे. मधल्या सुट्टीत चहा आला की बाकीचे कपाकडे बघायचे, नाना गाळणीकडे. तिच्यात आधीच्या खेपेचा चोथा दिसला की संपलंच. ती गाळणी स्टाफरूमच्या मधोमध उंच धरून ते विचारायचे, "हा चोथा चहाच्या बाहेर आहे की आत?"

"बाहेर, सर."

"आणि याच्यावरून परत गरम चहा ओतल्यावर?"

शिपाई गाळणी घ्यायला हात पुढे करायचा.

"गाळणीत अडकला म्हणजे गेला असं नसतं. उचलून बाहेर टाकेपर्यंत तो चहातच असतो."

हे होईपर्यंत चहा निवून पाणी झालेला असायचा आणि आम्ही सगळे मनातल्या मनात नानांच्या नावाने बोटं मोडत असायचो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. मूळचे सावद्याचे, केळीवाल्यांच्या घरातले, पण शिकवायला म्हणून जळगावात आले ते इथलेच झाले. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. "बाई, पुन्हा विचार करा, घरमालक खडूस आहे," असं सांगितलं ते त्यांनीच.

खडूस होतेच. पण त्यांचा खडूसपणा शिळा नसायचा. माणसांच्या बाबतीतही त्यांचा तोच गाळणीचा कायदा होता. एकदा संध्याकाळी दार वाजलं. बाहेर नाना. "सकाळी तुम्ही जिना धुतलात आणि सगळं पाणी आमच्या उंबऱ्यात सोडलंत. मला राग आला होता. सांगून टाकला. आता चहा करा." मी ओशाळून चहा ठेवला. त्यांनी तो मजेत प्यायला आणि त्या पाण्याचा विषय पुन्हा कधीही काढला नाही. माझ्यासारख्या वर्षानुवर्षं राग मुरवत ठेवणाऱ्या बाईला हे फार कठीण वाटायचं.

त्यांच्या पत्नीला, कमलताईंना, सगळे अक्का म्हणत. अक्का धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या हसण्याच्या. त्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली, वाचा तर पुरतीच गेली. भेटायला येणारी माणसं त्यांच्याच समोर बसून नानांना विचारायची, "यांना काही कळतं का हो आता?" नाना थंडपणे म्हणायचे, "तिलाच विचारा." पाहुणे अवघडून चहाकडे बघायचे. अक्का कुठेच बघायच्या नाहीत. तेच वाईट होतं. डोळे उघडे, पण नजर कशावर म्हणून ठरायची नाही. जेवण भरवलं तर जेवायच्या, निजवलं तर निजायच्या. या माणसाला कळतं असं छातीठोकपणे म्हणणारे नाना एकटेच उरले होते आणि त्यांच्याकडेही पुरावा नव्हता.

त्या दिवसांत त्यांचा मुलगा मिलिंद परदेशी निघाला. पुण्याच्या त्याच्या घरात समुद्राच्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आत जिवंत प्रवाळ, केशरी-पांढरे मासे. विकवेना म्हणून टेम्पोत पिंपं भरून ती त्याने जळगावला आणली. प्यायच्या पाण्यासाठी नळाची वाट बघणाऱ्या गावात समुद्र! गल्लीतली माणसं टेम्पोभोवती जमली. नाना ओसरीवरून म्हणाले, "मला न विचारता आणलंस याचा राग आलाय. आता आत घे."

टाकी दिवाणखान्यात लागली, अक्कांच्या खुर्चीसमोर, कारण दुसरी जागाच नव्हती. त्या टाकीत दोन लाल झिंगे होते, पाठीवर पांढरा पट्टा, लांबच लांब पांढऱ्या मिशा. मासा जवळ येऊन थांबला की झिंगा त्याच्या अंगावर चढायचा आणि कल्ले, तोंड, सगळं वेचून साफ करायचा. न्हाव्यापुढे बसावं तसा मासा तोंड उघडून निवांत असायचा. एका सकाळी नानांनी मला जिन्यातूनच हाक मारली. त्यांचा आवाज ऐकून मी कणीक भरल्या हाताने खाली धावले. "तिचे डोळे बघा," ते म्हणाले. झिंगा काचेच्या डाव्या टोकाकडून उजवीकडे चालला होता आणि अक्कांची नजर त्याच्याबरोबर चालली होती. त्याने माशाच्या तोंडात डोकं घातलं तेव्हा त्यांच्या ओठाची डावी कड वर गेली.

त्या दिवसापासून ती टाकी मिलिंदची राहिली नाही. नानांनी समुद्राची दीक्षाच घेतली.

टाकीचं पाणी पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत पडायचं आणि मोटरने परत वर जायचं. वाटेत ते गाळायचं. ते कशाने गाळायचं यावरून या घरात जेवढे वाद झाले तेवढे मुलाच्या लग्नावरूनही झाले नव्हते. आधी होते कापडी मोजे. हत्तीच्या पिल्लाला होतील एवढाले. पाणी त्यातून जायचं, घाण आत राहायची, मग मोजे धुवायचे. कामवाल्या मावशींनी प्रेमाने ते वासाच्या पावडरीत भिजवले आणि गच्चीवर वाळत घातले. समोरच्या गच्चीवरून चौकशी झाली, "नानांच्या पायाला सूज आली का हो?" पण पावडर उरली होती मोज्यांत. दुसऱ्या दिवशी, घाण फेसावाटे बाहेर काढणाऱ्या टाकीच्या यंत्रातून एवढा फेस उसळला की कपाटातून बाहेर येऊन फरशीवर पसरला. मोजे बाद.

मग मिलिंदने कागदाच्या रिळाचं यंत्र पाठवलं. कागद मळला की यंत्र आपणच तो गुंडाळून नवा पुढे ओढायचं. हात लावायला नको. मला ते फार आवडलं. नानांनी काही दिवस ते चालवलं आणि काढून माळ्यावर टाकलं.

"का हो? चांगलं काम करत होतं की."

"काम चांगलंच करत होतं. पण काय पकडलं ते सांगत नव्हतं."

शेवटी राहिला तो साधा पांढरा फ्लॉस, उशीत भरतात तसला. रोज सकाळी कालचा तुकडा काढायचा, नवा ठेवायचा. कंटाळवाणं काम. पण नाना तो मळका तुकडा टाकून द्यायचे नाहीत. स्टीलच्या ताटलीत घेऊन अक्कांसमोर धरायचे. "हे बघ, कालचं." तपकिरी चिखल, खाण्याचे कण, कधी झिंग्याने टाकलेली पारदर्शक कात. अक्का नाक मुरडायच्या. कात असली की ताटलीवर वाकून बघायच्या. मग नाना ताटली घेऊन जायचे. बोलणं गेलेल्या बाईशी रोज सकाळी त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच होतं, आणि ते चुकवायला नाना मुलाच्या यंत्राला तयार नव्हते.

पुढे त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावा लागला. मे महिना. डॉक्टरांनी बजावलं की वाकायचं नाही आणि डोळ्याजवळ पाण्याचा शिंतोडा येता कामा नये. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, तेव्हा काळ्या चष्म्याआड नानांना जेमतेम माणसांच्या सावल्या दिसत. मदतीला अक्कांचे धाकटे भाऊ शांतारामभाऊ गावाहून आले. शेतकरी माणूस, बहिणीवर जीव. येताना गादीसाठी घरच्या कापसाचं पोतं घेऊन आले. भाव येईल म्हणून उन्हाळाभर घरात ठेवलेला कापूस, सरकीसकट.

त्यात फ्लॉस संपला. मागवलेलं पार्सल कुठेतरी अडकलं होतं. नाना अस्वस्थ. शांतारामभाऊंना विकत आणणंच पटेना. ते म्हणाले, "दाजी, इकतना कसाले? आपला घरना कापूस शे ना!"

"कापूस चालत नाही, शांताराम. पार्सल येईपर्यंत तसंच राहू दे." एवढं सांगून नाना डोळ्यात थेंब घालायला आत गेले. त्यांच्या मते विषय संपला होता.

शांतारामभाऊंच्या मते संपला नव्हता. ज्याने जन्मभर कापूस पिकवला त्याला कापूस चालत नाही हे कोण पटवणार? संध्याकाळी मी खाली आले तर ते बहिणीच्या पायाशी बसून सरकी काढत होते, आणि अक्का! मांडीवर कापसाचा गोळा घेऊन डाव्या हाताच्या बोटांनी सरकी चिमटून काढत होत्या. लहानपणी ओसरीवर दोघं हेच करायची म्हणे. शांतारामभाऊंनी मला डोळ्यांनीच खूण केली, बघा म्हणून. मला वाटलं गादीची तयारी चालली आहे. मी कौतुकाने बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताक द्यायला खाली गेले. अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या. शांतारामभाऊ कूलरसमोर पेंगत होते. नाना खुर्चीत ताठ बसले होते, मान एका बाजूला कलती.

"बाई, थांबा. बोलू नका." मी थांबले. "पाण्याचा आवाज बदललाय. रोज झुळझुळ पडतं. आज कडेवरून धबधबतंय. कपाट उघडा."

मी उघडलं. गाळायच्या खणात पिवळट कापसाचा लगदा गच्च बसला होता आणि पाणी त्याच्यावरून सांडून तसंच पुढे चाललं होतं.

"कापूस आहे, नाना."

"झिंगे बघा."

वर बघितलं. एक झिंगा वाळूवर आडवा पडून पाय झाडत होता. दुसरा दगडाशी उताणा होता, हलत नव्हता. प्रवाळ सगळं मिटून आत गेलेलं. मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं उघडून लटकले होते.

नानांनी शांतारामभाऊंना हाक मारली ती ओरडून नव्हे, पण ते दचकून उभे राहिले. "कापूस कुठे ठेवला होता?"

"घरमाच व्हता, दाजी."

"खाज येत होती का घरात?"

शांतारामभाऊंचा चेहरा बदलायला लागला. उन्हाळ्यात घरात कापूस साठवला की त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे कुणालाही विचारावं. "हा. पोरेसले बठ्ठासले खाज ये. म्हनीसन पावडर मारेल व्हती…" आणि ते तिथेच थांबले. किडे मारायची पावडर. आणि झिंगा म्हणजे तरी किड्याचाच भाऊबंद.

मग जे झालं ते भराभर झालं. नाना खुर्चीतून सांगत होते आणि आम्ही दोघं करत होतो. साबण न लावता हात कोपरापर्यंत धुवा. कापूस पिळू नका, अलगद उचला. विष शोषणाऱ्या कोळशाची पिशवी पाण्याच्या वाटेत ठेवा. अर्ध्याहून जास्त पाणी काढा, पिंपातलं तयार मिठाचं पाणी आत घ्या, सावकाश. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरवर हवेचा पंप तेवढा राहिला. कूलर थांबल्यावर ती खोली अशी तापली की घाम डोळ्यांत उतरून मला दिसेना. शांतारामभाऊ बादल्या उचलत होते आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत होते. नाना दर थोड्या वेळाने विचारायचे, "मासे खाली आले का?" मी म्हणायचे, "नाही." पुन्हा विचारायचे. शेवटी एक मासा खाली उतरला, मग दुसरा. पण पाय झाडणारा झिंगा तोवर थांबला होता.

आतून अक्कांच्या पलंगाची करकर ऐकू आली. त्या जाग्या होत होत्या.

शांतारामभाऊंनी घाईने दोन्ही झिंगे चिमट्याने काढले, कापसात गुंडाळले आणि मागच्या दाराकडे निघाले. "तिले सांगू नका, दाजी. तिना हातना कापूस शे. दुसरा झिंगा आनी टाकसूत. तिले आते काय समजस?"

"काय म्हनला?" नाना उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून सावद्याची बोली ऐकली नव्हती. "तिले काय समजते? तू तिचा भाऊ हाये ना रे? बाहेरचे म्हनतात ते म्हनतात. तूबी?" ते आवाजाच्या दिशेने एक पाऊल पुढे आले. "घरातले असं म्हनू लागले का मग मानूस कुठी राह्यते?"

मी मध्ये पडले. म्हटलं, नाना, आज नको. एवढ्या दिवसांनी त्या बाईने हाताने काहीतरी केलं होतं, तिच्याच हातून मेले हे तिला कशाला दाखवायचं? काळ्या चष्म्यातून ते माझ्या दिशेने वळले.

"टाकी कुणाची आहे, बाई?"

मी वाटेतून बाजूला झाले.

अक्कांना खुर्चीत आणून बसवलं. नानांनी झिंगे कापसासकट ताटलीत घालून मागितले. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ताटली थोडी वाकडी धरली गेली. "कमल," ते म्हणाले, "कापसाला किड्यांची पावडर होती. शांतारामला आठवलं नाही. मला वेळेवर कळलं नाही. दोन्ही गेले. मासे वाचलेत."

अक्कांनी ताटलीत बघितलं. झिंगे बघितले, कापूस बघितला. मग आपला डावा हात मांडीवर उलटा करून बघितला. आणि त्यांच्या घशातून असा एक आवाज निघाला की मला कान झाकावेसे वाटले. शांतारामभाऊ आपल्या कपड्यांची पिशवी उचलून तोंड लपवत निघाले, तर त्या डाव्या हाताने त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं आणि सोडलंच नाही. ते बहिणीच्या खुर्चीशी मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले.

मी नानांवर चिडले होते. तसं त्यांना म्हणालेही. ते म्हणाले, "आजच सांगितलंत ते बरं झालं."

पुढचे काही दिवस अक्कांनी टाकीकडे पाठ केली. खुर्ची वळवली की हुंदका द्यायच्या, म्हणून ती भिंतीकडे तोंड करूनच ठेवावी लागली. नानाही शेजारी खुर्ची टाकून त्याच भिंतीकडे बघत बसायचे. त्या दोन पाठी बघून मला वाटायचं, हट्टापायी या माणसाने होतं तेवढंही घालवलं. नानांनाही तसं वाटत असावं, कारण त्या दिवसांत त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

आणि एका दुपारी खालून ठणठण आवाज यायला लागला. मी धावले. नानाही न्हाणीघरातून भिंत चाचपत आले. अक्का डाव्या हाताने स्टीलचा पेला खुर्चीच्या हातावर आपटत होत्या, संतापून. काय हवंय कळेना. मग माझ्या लक्षात आलं. घर एकदम शांत होतं. वीज गेली होती आणि इन्व्हर्टरही बंद पडला होता. टाकीचं पाणी थांबलं होतं, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या बाईने ते आमच्याआधी ओळखलं होतं. नानांनी खुर्ची टाकीकडे वळवली आणि या वेळी अक्कांनी ती वळू दिली.

त्यानंतर टाकीवर पहारा अक्कांचाच. नवे झिंगे आले तेही त्यांनी पेला वाजवून होकार दिल्यावर. भेटायला आलेल्यांपैकी कुणी "यांना कळतं का हो" म्हटलं तर पेला त्यालाही ऐकवला जायचा.

मला धुळ्याला देवपुरात नोकरी मिळाली आणि मी जळगाव सोडलं. नानांचा फोन यायचा, पाण्याचं, माशांचं, अक्कांचं सांगायला. मग एकदा फोन आला तो मिलिंदचा. नानांच्या पोटात गाठ निघाली होती आणि ती बरी नव्हती. "आईला अजून माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "बाबांनीच सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तर बोलू नका." मला विश्वास बसला नाही. नाना, आणि सांगितलेलं नाही?

रविवारी सकाळची बस धरून मी जळगावला गेले. फाटक लोटलं, पायऱ्या चढले. दार उघडंच होतं. आत नानांनी प्लास्टिकचं स्टूल अक्कांच्या खुर्चीसमोर ओढून घेतलं होतं, गुडघ्याला गुडघा लागेल असं. किती वाळले होते! मी हाक मारणार तेवढ्यात ते बोलायला लागले.

"कमल, माझ्या पोटात गाठ आहे. वाईट आहे. डॉक्टर म्हणतात, फार काही करता येणार नाही."

अक्का त्यांच्याकडे एकटक बघत होत्या.

"रिपोर्ट येऊन आठवडा झाला. मला भीती वाटली, म्हणून बोललो नाही."

अक्कांचा डावा हात वर आला आणि नानांच्या गालावर सणकन चापट बसली. दारात उभ्या असलेल्या मला ती ऐकू आली. नाना हलले नाहीत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आठवडा उशीर झाला. चुकलो."

अक्कांचा हात त्यांच्या गालावरच राहिला. नानांनी डोळे मिटले आणि मान त्या हातावर टाकली. माझे डोळे भरून आले होते आणि त्या घरात त्या क्षणी माझं काही काम नव्हतं. मी आवाज न करता पायऱ्या उतरले, फाटक ओढून घेतलं आणि स्टँडकडे चालू लागले. नानांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.